दहाचं मोजमाप

शुक्रवारी सकाळी आठ वाजून बत्तीस मिनिटांनी धक्क्यावर लाल झेंडा चढला आणि बेटावरून सुटणारी दिवसातली एकुलती एक लाँच अडकली. पाऊस तिरपा मारत होता. धक्क्यावर प्रवासी दोनच होते, एक आत्या आणि तिची भाची. जवळ दोन बॅगा आणि एक छत्री, तीही एव्हाना उलटी झालेली.

झेंडा चढवणारा माणूस पायऱ्या उतरून आला. भाचीच्या हातातली छत्री त्याने घेतली, वाऱ्याकडे तोंड केलं, एका झटक्यात ती सुलटी केली आणि परत दिली.

"वाऱ्याकडे पाठ करून धरलीत की असंच व्हायचं," तो म्हणाला.

"आणि लाँचचं काय?"

"ती अशी सुलटी करता येत नाही. आज कठीणच दिसतंय."

त्याच्या भुवयांवरून पाणी गळत होतं. तिला हसू आलं, आणि लगेच सोमवार आठवून ते मावळलं.

पावसाळ्यात बेटावर यायची कल्पना आत्याची. गर्दी नाही, समोर समुद्र, खोली अर्ध्या भाड्यात. "एकदा नोकरीला चिकटलीस की समुद्र कॅलेंडरवरच बघशील," असं म्हणून तिने भाचीला ओढूनच आणलं होतं. सोमवारी सकाळी नऊ वाजता भाची एका मोठ्या नेत्र रुग्णालयात डोळे तपासायच्या कामावर रुजू होणार होती. तीन वर्षं चष्म्याच्या दुकानात काढल्यावर, दुसऱ्या प्रयत्नात तिचं नाव यादीत लागलं होतं. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की सोमवारी हजर न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाईल. लाँचचे दोन तास आणि बसचे सहा. रविवारची लाँच चुकली की संपलं.

दहालाही झेंडा लालच राहिला. दुपारी ती धक्क्यावरच्या कचेरीत चौकशीला गेली. कचेरी म्हणजे एक टेबल, एक फोन आणि पत्र्यावर पावसाचा ताशा. टेबलामागे तोच झेंडेवाला होता. त्याने तिला कामाची रीत समजावून सांगितली. धक्क्याच्या टोकाला पाण्यात पट्ट्यापट्ट्यांचा खांब. सकाळी साडेआठला सलग दहा लाटा बघायच्या, प्रत्येकीचा माथा आणि तळ टिपायचा आणि सरासरी काढायची. पाच फुटांच्या वर गेली की लाल झेंडा. मग दहा वाजता पुन्हा मोजायचं, तोवर समुद्र निवला असेल तर लाँच साडेदहाला सुटते. सध्या अकरानंतर ओहोटी, मग काहीच नाही. सहा पावसाळे तो हे करत होता. लाँचवरचे लोक त्याला 'काटेकोर' म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

बोलता बोलता त्याने वही उघडली आणि हात पूर्ण ताणून लांब धरली. ती पुढे झाली.

"वय काय तुमचं?"

"एकतीस. का?"

"मग वही आजोबांसारखी का धरता? डावा डोळा झाका. त्या वेळापत्रकातली खालची ओळ वाचा."

त्याने वाचली. मग तिने वही जवळ धरून वाचायला लावली. तो अडखळला.

"लांबचं उत्तम. जवळच्याला चष्मा लागणार."

"म्हणजे लाटा दिसतात, समोरचं माणूस दिसत नाही?"

"किती अंतरावर नीट दिसतंय, सांगा."

त्याने वही खाली घेतली. "तुम्ही उभ्या आहात ना... तिथं ठीक आहे."

ती तिथून हलली नाही. हलायचं काही कारणही नव्हतं, बाहेर पाऊस होता.

शनिवारी साडेआठला पुन्हा लाल झेंडा. नऊच्या सुमाराला तो तिघांचा चहा घेऊन विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आला. आत्याने आपला पेला उचलला, एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं आणि "माझी पाठ धरलीय" म्हणत आत जाऊन पडली. दोघं बोलत बसली. तिने दुकानातले किस्से सांगितले. नंबर वाढला हे बायकोला कळू नये म्हणून जुन्याच फ्रेममध्ये गुपचूप नव्या काचा घालून नेणारे काका होते, तपासणीचा तक्ता पाठ करून येणाऱ्या आजीबाई होत्या. तो मान मागे टाकून हसायचा. हसताना तो अगदीच काटेकोर दिसत नव्हता. पागोळ्यांची धार बारीक होत थेंबांवर आली आणि मग तेही थांबले... दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

लाँचचा सारंग, म्हणजे ती चालवणारा, पन्नाशी उलटलेला गडी, टोपी हातात घेऊन व्हरांड्यासमोर उभा राहिला.

"साहेब, दहापासून इंजिन गरम करून बसलोय. समुद्र बघा कसा झोपलाय. तुमचं दहाचं मोजमाप कुठंय?"

त्याने मनगटाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने पेला खाली ठेवला. "विसरलात?"

"हो."

"की विसरायचं होतं?"

त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. "मलाच सांगता येत नाही," तो म्हणाला.

"माझी नोकरी आहे ती! तुमच्या चहापायी—" ती आत गेली आणि बॅगेतल्या घडी केलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत बसली.

"बये, मला एक सांग," पलंगावरून आत्या म्हणाली. तिची पाठ आता बरी दिसत होती. "तूही तिथंच होतीस ना? तुझ्या मनगटावर काय, बांगडी आहे?"

संध्याकाळी ती कचेरीत गेली ती भांडायलाच. त्याने वही तिच्यापुढे सरकवली. शनिवारच्या ओळीत शाईने लिहिलं होतं: 'दहाचे मोजमाप घेतले नाही. कारण: विसरलो.' खाली सही.

"ही वही वर जाते ना? साहेब विचारतील."

"विचारू देत. खरं तेच लिहिलंय." तो खिडकीबाहेर बघत होता. "त्याच्यापुढचं खरं... त्या रकान्यात मावलं नाही."

भांडण तिथेच राहिलं.

रविवारी साडेआठला सरासरी सहा फूट भरली, त्यात वादाला जागाच नव्हती. लाल झेंडा. ती बॅगा घेऊन धक्क्यावरच बसली. दोन सरी येऊन गेल्या, वारा पडला. दहाला दहा कमी असताना तो समोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात दोन कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोन पेन्सिली होत्या.

"आज माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. तुम्हीही मोजा."

"मी?"

"डोळे हेच काम आहे ना तुमचं? दोघं वेगवेगळं लिहू. आकडे जुळले की झेंडा."

"आणि नाही जुळले तर?"

"तर मी आहे की!" मागून सारंग म्हणाला. "तीस वर्षं लाटाच मोजतोय."

दोघं खांबासमोर उभी राहिली, मध्ये हातभर अंतर. एक लाट. दुसरी. माथा, तळ. लाट खांबाला बिलगायची, पट्ट्या बुडायच्या, पुन्हा वर यायच्या. त्याच्या ओल्या बाहीचा गारवा तिला जाणवत होता. तिने तिकडे पाहिलं नाही. सातवी, आठवी... पेन्सिल किंचित घसरली, तिने पुन्हा नीट धरली. दहावी.

चिठ्ठ्या सारंगाच्या हातात गेल्या.

"साहेब म्हणतात पावणेपाच. ताई म्हणतात सव्वापाच." त्याने डोकं खाजवलं. "अर्ध्या फुटाचा फरक! थांबा."

सारंगाने पुन्हा दहा लाटा मोजल्या, बोटांवर, ओठ हलवत. तेवढ्या वेळात ती स्वतःशी म्हणत होती की आपलंच बरोबर असणार. तीन वर्षांत तिच्या हातून एकही नंबर चुकीचा गेला नव्हता.

"पावणेपाच. बरोब्बर पावणेपाच," सारंग म्हणाला. "ताई, तुम्ही दुसराच खांब मोजत होतात काय?"

सव्वापाच म्हणजे लाल झेंडा. सव्वापाच म्हणजे लाँच नाही, सोमवार नाही, नोकरी नाही. आणि तिने तो आकडा अगदी मनापासून, खरा समजून लिहिला होता.

तिचे कान तापले. आत्या दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"माझ्या हातून आकडे चुकत नाहीत," ती हळूच म्हणाली.

"परवापर्यंत माझ्याही हातून चुकत नव्हते," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. तो हसत नव्हता, मात्र डोळ्यांत कालचं सगळं होतं. आधी तिलाच हसू फुटलं, मग त्याला, मग सारंगालाही, काय झालं हे न कळता.

हिरवा झेंडा चढला. बॅगा लाँचवर गेल्या. त्याने आत्याला हात देऊन चढवलं. भाचीला हात दिला तेव्हा ती चढली नाही, नुसता हात धरून उभी राहिली.

"मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही," तो म्हणाला. "म्हणावंसं वाटतंय. पण म्हणणार नाही. जा आणि रुजू व्हा."

"मग तुम्ही या."

"पावसाळ्यात मला हलता येत नाही. सहा वर्षांत रजा मागितलेली नाही."

"मागा."

"कारण लिहावं लागतं."

"मग लिहा. खरं तेच लिहिता ना? फक्त बारीक अक्षरात लिहू नका, तुम्हालाच वाचता यायचं नाही."

"अगं ए, ओहोटी लागेल!" आत्या ओरडली. "हात सोड त्याचा, नाहीतर त्यालाही ओढून घे!"

सारंगाने भोंगा दिला. हात सुटायला मात्र आणखी थोडा वेळ लागला.

सोमवारी आठ वाजून बावन्न मिनिटांनी ती रुग्णालयात रुजू झाली. यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागलं नाही.

मंगळवारपासून ती रोज सकाळी आठ चाळीसला बेटावरच्या कचेरीत फोन करू लागली. तो फोन लाँचची चौकशी करणाऱ्या प्रवाशांसाठी आहे. तिला कुठेच जायचं नसतं. तो आकडा सांगतो, झेंडा सांगतो, आणि मग लाँचशी संबंध नसलेलं बरंच काही. दहाचं मोजमाप मंगळवारीही झालं आणि नंतरही रोज झालं, याची तिने विचारून खात्री करून घेतली.

बुधवारच्या लाँचने त्याचा अर्ज मुख्य कचेरीत गेला. सात दिवसांची रजा, बदली माणूस मिळावा ही विनंती, आणि कारण. कारण काय लिहिलं हे तो तिला फोनवर सांगत नाही, समोर सांगेन म्हणतो. पण तिथल्या कारकुनाने ते वाचलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवलं आणि त्या बाईंनी अर्ज गठ्ठ्यातून काढून सगळ्यात वर ठेवला. एवढं त्या कारकुनानेच त्याला फोन करून कळवलं.

मुख्य कचेरीतले साहेब गुरुवारी दौऱ्यावर होते. शुक्रवारी आले. दुपारी चारपर्यंत अर्जावर सही झालेली नव्हती.