तीन मजले, आधाराशिवाय

फिजिओबाईंना वॉर्डात सगळे टरकून असत. "मी चालेन का?" असं कोणी विचारलं, की त्या खुर्ची ओढून समोर बसायच्या आणि खरं तेच सांगायच्या. बावीस वर्षांत त्यांनी कोणाला खोट्या आशेला लावलं नव्हतं. तोंडदेखलं गोड बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

खांबावरून पडलेला वायरमन मात्र त्यांना जड गेला. मज्जारज्जूला मार बसला होता, कमरेखाली काही कळत नव्हतं. टाचणी टोचली तरी तो छताकडे बघत म्हणे, "टोचा की, लाजता काय!" तीन आठवडे तक्त्यात सुधारणा दिसली नाही तर खाट सोडायची, असा नियम होता. आणि त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "हे चालतच घरी येणार," असं त्याची बायको रोज सांगायची. तिने नवे बूटही आणून ठेवले होते. चाकाच्या खुर्चीत बसवताना पाय खरचटू नयेत म्हणून तेच त्याच्या पायांत चढवत. त्यांचे तळ कोरे करकरीत होते.

तिसऱ्या आठवड्याला बाईंनी तक्त्यात उजव्या पायाच्या अंगठ्यापुढे शून्याऐवजी एक लिहिला. 'किंचित हालचाल.' खाट वाचली. बाईंना स्वतःचाच राग आला. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्या गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी उजव्या बुटाच्या टोकाला धूळ होती. केर काढताना लागली असेल, असं म्हणत बाईंनी ती पुसून टाकली.

एकदा खोटं लिहिलं की ते निभवावं लागतं. पुढच्या खेपेला बाईंनी लिहिलं, 'दांड्यांना धरून बारा पावलं.' त्या आठवड्यात चालण्याचा सराव करायच्या दांड्यांची खोली बंदच होती. जमिनीला हिरवा रंग दिला होता आणि तो वाळायचा होता. किल्ली बाईंच्या खिशात होती.

सकाळी वायरमनच्या खाटेखालचे बूट तळाला हिरवे झाले होते.

बाईंनी खोली उघडली. दोन दांड्यांच्या मधोमध पावलं उमटली होती. बारा. परतीचं एकही नव्हतं.

"तुम्हाला कोणी उचलून नेलं होतं का?" त्यांनी त्याला विचारलं.

"मला कोण नेतंय, बाई? आहे तिथेच आहे." त्याने जांभई दिली. "पण उठल्यापासून दमल्यासारखं वाटतंय."

आठवड्याने डॉक्टरांनी तक्ता चाळला आणि ते खूश झाले. "वा! आता जिना चढला की सोडू याला घरी."

बाईंना रडू आलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. दुपारी त्या सगळं खोडून खरं लिहायला बसल्या. तक्ता उघडला तर शेवटची ओळ आधीच लिहिलेली होती. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच पेनाने.

'जिना : तीन मजले, आधाराशिवाय.'

त्या तशाच वॉर्डात गेल्या. वायरमन खाटेवर पडून होता. खाटेखाली बूट नव्हते.

बाईंनी खुर्ची ओढली.

"तुम्हाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मी आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही..."

उशाशी त्याचा फोन वाजला. बायकोचा होता. बाईंनी उचलला.

"बाई, हे तिथेच आहेत ना?" ती कुजबुजत होती.

"माझ्यासमोर आहेत."

"जिन्यावर पावलं वाजली म्हणून मी दार उघडलं. बाहेर यांचे बूट आहेत. माणूस नाही."

बाईंनी वाकून पुन्हा खाटेखाली पाहिलं.

"आणि आता आतल्या खोलीत कोणीतरी चालतंय."

फोनमधून ते ऐकू येत होतं. सावकाश, एकामागून एक पाऊल.

वायरमननेही ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. चादरीखाली त्याचे पाय होते तसेच पडले होते.

"तिला विचारा," तो हळूच म्हणाला, "लंगडत तर नाही ना?"