कल्याणच्या वाचनालयातली खिडकीजवळची खुर्ची

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. हेमांगी माझी मावसबहीण आहे आणि ती उगाच घाबरणाऱ्यातली नाही.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. भर दुपार.

तिच्या वडिलांना, भाऊंना, मोतीबिंदूमुळे वर्षभर अक्षर दिसत नव्हतं. वाचनाशिवाय माणूस पार सुकून गेलेला. ऑपरेशनने नजर परत आली, म्हणून तिने त्यांना ठाण्यातलं चित्रप्रदर्शन दाखवलं आणि तिथून कल्याणच्या जुन्या वाचनालयात नेलं.

वाचनकक्षात चिटपाखरू नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीसमोर पेपर उघडा होता, त्यावर घडी घातलेला रुमाल.

कोणीतरी चहाला गेलंय, असा रुमाल आपण हलवायचा नसतो, असं भाऊंनी तिला सांगितलं आणि ते दुसरीकडे निघाले. पण तिकडे अंधार. हेमांगी जात्याच उतावळी. तिने रुमाल उचलून बाजूला टाकला आणि त्यांना तिथेच बसवलं.

रुमाल ओला होता... आणि बर्फासारखा गार.

भाऊ वाचू लागले. त्यांचा चेहरा इतका खुलला की तिला भरून आलं.

तेवढ्यात पान उलटल्याचा आवाज झाला...

भाऊंनी पान उलटलं नव्हतं.

पुन्हा झाला. या वेळी त्यांच्या खांद्यामागून.

मग पंख्याखाली फडफडणारा पेपर एकदम थांबला. कोणीतरी वरून दाबून धरल्यासारखा...

भाऊ बोटांनी पान झटकू लागले.

ग्रंथपाल विठ्ठलराव पुस्तकं लावत आले. जमिनीवरचा रुमाल पाहून त्यांनी तो कोणी उचलला ते विचारलं. "मी," हेमांगी म्हणाली.

"यांना आत्ताच्या आत्ता घरी न्या," एवढंच बोलून ते तोंड फिरवून आत गेले. तिला त्यांचा भयंकर राग आला.

तेव्हापासून भाऊंना वाचता येत नाही. डॉक्टर म्हणतात, नजर उत्तम. लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचतात... पण पुस्तक हातात घेतलं की संपलं.

हेमांगी अगदी रडकुंडीला आली. तुम्हाला दिसतं तरी काय, म्हणून तिने एकदा हात जोडून विचारलं.

भाऊ पानाकडे बघत म्हणाले, "अगं, त्याने हात ठेवलाय. मी पान उलटलं की तिथेही ठेवतो... आणि दुसरा हात हल्ली माझ्या डोळ्यांकडे आणतोय."

मागच्या आठवड्यात मी वर्तकनगरला त्यांच्या घरी जाऊन आले. भाऊंसमोर ना पेपर होता, ना पुस्तक.

तरीही ते दोन्ही डोळे घट्ट मिटून बसले होते. मी गेले तरी त्यांनी उघडले नाहीत.