मुठीतला रुपया

दुपारी गोविंदराव सराफ जेवायला गेले की पाथरीतलं दुकान त्यांच्या लेकीच्या, मैत्रेयीच्या ताब्यात. तिची सवय सगळ्या पेठेला ठाऊक... चांदीचं नाणं हातात आलं की आधी दगडावर वाजवणार, मग बोलणार. बापाचा गुण लेकीत पुरता उतरला होता.

त्या दिवशी उन्हानं लाल झालेला एक उंच तरुण आत आला आणि रुमालाची गाठ सोडू लागला.

"हा रुपया बघता का? आईनं जत्रेत घेतलाय."

तिनं दगडावर टाकला. खणखण नाही, नुसता बद्द आवाज. खात्रीसाठी तिनं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं आणि वर आपल्या सरबतातला बर्फाचा खडा.

"चांदीवर बर्फ झरझर वितळतो. हा बघा कसा बसलाय, जावयासारखा."

"तो न्हाई... मी मात्र वितळायलोय."

मैत्रेयीनं ओठ दाबून हसू आवरलं. "खोटा हाय तुमचा रुपया."

त्याचा चेहरा पडला. "उद्या मुलगी बघायला जायचंय. आई लय हौसेनं हाच तिच्या हातावर ठेवणार. खोटा हाय हे तिला सांगायचं धाडस होत न्हाई. अन् मुलगी सराफाची..."

"कुठले तुमी?"

"येलदरीचा. सारंग."

उद्या येलदरीचेच पाहुणे तिच्या घरी यायचे होते!

"तुमी तिच्या जागी असता तर?" त्यानं हळूच विचारलं.

"वाजवला असता. सवय हाय."

तो रुपया रुमालात बांधून गेला. ती मात्र रात्रभर कूस बदलत राहिली. वाजवला तर त्या माउलीची भर बैठकीत शोभा होणार, आणि हा माणूस हातचा जाणार.

दुसऱ्या दिवशी पोहे झाले, चहा झाला. अनसूयाबाईंनी, सारंगच्या आईनं, कनवटीचा रुपया काढून मैत्रेयीच्या हातावर ठेवला. त्यांचे डोळे आनंदानं भरले होते. तेवढ्यात गोविंदरावांनी सवयीनं हात पुढे केला.

"बघू गं तो."

मैत्रेयीची मूठ गच्च मिटली.

"न्हाई बाबा. हा माझा हाय."

बैठकीत हशा पिकला. गोविंदराव लेकीकडे बघतच राहिले... आणि हात मागे घेतला.

पाहुणे निघाले तेव्हा सारंग चप्पल शोधायच्या निमित्तानं दाराशी रेंगाळला.

"काल दुकानाची पाटी वाचूनच आत आलो होतो," तो पुटपुटला. "आईला सांगता येत न्हवतं. पण तुमाला फसवून लग्न करायचं न्हवतं."

मैत्रेयीला एकदम रडू आलं आणि हसूही. कपटी कुठला! आणि हवाहवासा.

"बर्फ नीट वितळला न्हाई काल," ती म्हणाली. "परत या. दुपारी... बाबा जेवायला गेल्यावर."