पिंजऱ्यातले दहा मासे

तळ्यांत सोडायचे जिवंत मासे घेऊन मासेगाडी अमेरिकेतल्या मिझुरीच्या या टेकड्यांत वर्षातून दोनदाच येते. एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑक्टोबरच्या शेवटी. त्या बुधवारी सकाळी ती पशुखाद्याच्या दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा पिकअपची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. खरं तर ही फेरी टेसा ब्रँडहोर्स्टची नव्हतीच. नेहमीच्या चालकाची पाठ धरली होती, म्हणून एरवी मत्स्यबीज केंद्रात सूक्ष्मदर्शकाशी बसणारी टेसा आज टाकीवर चढून मासे मोजून देत होती.

रांगेतला शेवटचा माणूस तिशीचा असेल. त्याच्या बाहीवर शेवाळ वाळलं होतं. पुढं आल्यावर त्यानं टोपी काढली आणि मग तिचं काय करावं ते न सुचून पुन्हा घातली.

"चारशे संकरित ब्लूगिल. ऑरिन पिकेटच्या नावानं सांगून ठेवलेत."

"तळ्यात जुने मासे आहेत?"

"एकही नाही. सगळे मारले."

टेसाचं जाळं हवेतच थांबलं. "कशानं?"

"औषधानं. परवानेवाला माणूस बोलावला होता. तीन आठवडे झाले. तो म्हणाला, दोन आठवड्यांत पाणी साफ होतं."

"उन्हाळ्यात होतं. थंड पाण्यात महिना लागतो, कधी जास्तही. तळ्याचं तापमान किती आहे?"

"हात घातला तर... बोटं दुखतात."

"हा आकडा नाही, मिस्टर पिकेट."

"दहा. दहाही बोटं दुखतात."

हसू आलं होतं, पण तिनं ते ओठांतच ठेवलं. गेल्या वसंतात अशाच एका माणसाच्या शब्दावर तिनं सहाशे मासे सोडू दिले होते. दुसऱ्या दिवशी तेच सहाशे पांढरी पोटं वर करून तरंगत होते, आणि तिनं ते स्वतःच्या हातांनी गोळा केले होते. केंद्रात तिला कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. तेच जास्त लागलं होतं.

"मी मासे देऊ शकत नाही," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये या."

"एप्रिलपर्यंत माझा बाप माझ्याशी बोलणार नाही."

"म्हणजे?"

"तळं त्यांनी खणलेलं, मासे त्यांनी सोडलेले. पण इतकी पिलं झाली की बोटापेक्षा मोठा मासाच होईना. मारायला ते हो म्हणाले होते. पण मेलेले पाहिल्यावर..." त्यानं खांदे उडवले. "तीन आठवडे फक्त कुत्र्याशी बोलतात. मला ऐकू जाईल अशा बेतानं. 'डीकन, या घरात मीठ कुणी इकडे सरकवेल का, विचार.' आणि डीकन माझ्याकडे बघतो."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. हसली, आणि लगेच स्वतःवर रागावली. ते सहाशे मासेही तिनं असंच हसत हसत सोडू दिले होते.

"दुपारी येते," ती म्हणाली. "आश्वासन काही देत नाही."

*

तळ्याकाठी लाल ओक पानं गाळत होते. लाकडी धक्क्याच्या टोकाला खुर्ची टाकून म्हातारे ड्वेन पिकेट बसले होते, गुडघ्यांवर पांघरूण आणि पायाशी करड्या तोंडाचा कुत्रा. समोर एवढं पाणी, पण त्यात एक तरंग उठत नव्हता.

टेसानं तापमापक बुडवला. बावन्न अंश फॅरनहाइट. तिचा चेहरा पाहून ऑरिननं आकडा विचारलाही नाही.

तिनं जाळीच्या पिंजऱ्यात दहा मासे मोजून घातले, झाकणाला कडी लावली. "उद्या सकाळी आठला येईन. दहाही जिवंत असले तर चारशे सोडेन. एक जरी मेला तर नाही. त्यानंतर माझी गाडी पुढच्या गावाला जाईल."

"डीकन," ड्वेन तळ्याकडे बघत म्हणाले, "ही पोरगी कोण?"

"मासेवाली," ऑरिन म्हणाला.

"डीकन, मी तुला विचारलं."

पिंजरा धक्क्याला बांधताना दोरीचं एक टोक तिच्या हातात होतं, एक त्याच्या. गार पडलेली बोटं एकमेकांना लागली... आणि गाठ मारायला उगाच वेळ लागला.

"संकरित म्हणजे नक्की काय?" त्यानं विचारलं.

"आई हिरवी सनफिश. खादाड, मोठ्या तोंडाची. बाप ब्लूगिल. पोरं भराभर वाढतात आणि दिसेल त्यावर झडप घालतात. शंभरातले नव्वद नर निघतात, म्हणून तळं पिलांनी भरत नाही."

"सगळे बापे. आमच्या घरासारखंच."

"पण मग चार वर्षांनी पुन्हा सोडावे लागतात."

"तेव्हा कोण येतं?"

"नेहमीचा चालक. पाठ धरलेला."

"बिचारा," ऑरिन म्हणाला. "चार वर्षं विश्रांती घ्यावी त्यानं."

तिनं मान वळवली, कारण या वेळी हसू ओठांत राहिलं नसतं. मग दोरीकडे बघत, का कोण जाणे, तिनं त्याला त्या सहाशेंची गोष्ट सांगितली. एवढं तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. त्यानं सांत्वन केलं नाही. फक्त विचारलं, "सगळे एकटीनंच गोळा केले?"

"हो."

"हं," तो म्हणाला, आणि गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

*

गुरुवारी गवतावर दहिवर गोठलं होतं. मोटेलबाहेर उभ्या गाडीच्या टाकीतला ऑक्सिजन तिनं उजाडेपर्यंत दोनदा तपासला होता. मासे ठीक होते. ठीक नव्हती ती टेसा.

ऑरिन धक्क्यावर उभा होता. टोपी हातात. ती गाडीतून उतरण्याआधीच तिला कळलं.

"एक मेला," तो म्हणाला.

त्याच्या तळहातावर छोटासा मासा होता, अजून ओला.

"पाण्यात फेकून देता आला असता," ती म्हणाली. "नऊच होते म्हणाला असतात तर?"

"तू मोजले होतेस." तो थांबला. 'तू' त्याच्या तोंडून निसटलं होतं, दोघांनाही ऐकू आलं होतं. "आणि समजा मोजले नसतेस... तरी पुन्हा तुला तेच गोळा करायला लावायचं?"

ड्वेन खुर्चीत होते. कुत्रा होता.

टेसा गुडघ्यांवर बसली. पिंजऱ्यात नऊ मासे तळाशी चपळपणे फिरत होते. एकही तोंड वर काढून हवेसाठी धडपडत नव्हता. विष असतं तर रात्रीतच दहाही गेले असते. बहुतेक. पण सहाशेंच्या वेळीही तिनं 'बहुतेक' म्हटलं होतं. नाही म्हणायचं, गाडी वळवायची, एप्रिल... आणि एप्रिलमध्ये पाठ बरी झालेला चालक.

तिनं मेलेला मासा हातात घेतला आणि अंगठ्यानं जबडा उघडला. घशात खोल काहीतरी चमकलं. तिनं चिमट्यानं ते ओढून काढलं.

गळ होता. अगदी बारका. त्याला इंचभर कापलेला दोरा.

ती सावकाश वळली. ड्वेन आभाळाकडे बघत होते.

"मिस्टर पिकेट?"

"पहाटे झोप लागेना," म्हातारे म्हणाले. "म्हटलं, बघावं."

"पिंजऱ्यात गळ टाकलात?"

"झाकण उघडं होतं."

"मी कडी लावली होती."

"मी काढल्यावर उघडंच होतं." मग त्यांनी मान वळवली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मुलाकडे सरळ पाहिलं. "ऑरिन, अळी धड लावलीही नव्हती रे. दोरा पाण्याला लागला न् ओढला त्यानं. एवढासा जीव, पण असा हिसका... माझे हात हे असे. गळ काही निघेना. दोरा कापून सोडला परत."

ऑरिन हलला नाही. "डीकनला सांगताय की मला?"

"तुला, गाढवा."

ऑरिननं तोंड तळ्याकडे फिरवलं. टेसानं गळ रुमालात गुंडाळला.

"मासे पिशव्यांत भरायला मदत कर," ती म्हणाली.

*

पिशव्या उथळ पाण्यात तरंगत ठेवल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी एका तापमानाला येईपर्यंत तोंड सोडायचं नसतं. अर्धा तास. दोघं धक्क्याच्या कडेला बसले, थर्मासची कॉफी एकाच झाकणातून आळीपाळीनं पीत.

"रात्री पिंजऱ्याची राखण केली नाहीस, हे बरं झालं," ती म्हणाली. "नाहीतर वडिलांना मासा मिळाला नसता."

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून करत होतो. पहाटे डोळा लागला." त्यानं झाकण तिच्याकडे दिलं. "खरं सांगू? माशांसाठी नव्हतो जागा. मी आपला एवढाच हिशेब करत होतो, की जगले तर तू अर्धा तास थांबशील, मेले तर लगेच निघशील."

"आणि तरी मेलेला दाखवलास."

"तरी दाखवला."

पाण्यावर पिशव्या एकमेकींना टेकत होत्या. टेसानं कॉफी संपवली, झाकण पुसलं, पुन्हा पुसलं.

"टेसा, चार वर्षं थांबायला... मला नाही जमणार."

तिला तोलून बोलायची सवय होती. "तळ्याचं तापमान वरचेवर मोजायला हवं," ती म्हणाली. "आकड्यात. बोटांनी नाही."

"माझ्याकडे तापमापक नाही."

"माझ्याकडे आहे. आणि रविवारी मला सुट्टी असते. मोजून झाल्यावर लगेच निघेन असं काही नाही."

त्यानं हात पुढं केला, आणि या वेळी मधे दोरी नव्हती.

"डीकन," मागून ड्वेनचा आवाज आला, "त्या दोघांना मासे सोडायचेत की नाही, विचार जरा."

टेसा दचकली. तापमापक तिच्या खिशातच होता. तिनं तो बाहेर काढलाच नव्हता, आणि अर्धा तास कधीच उलटून गेला होता.