खांबाला धडकलेली अमिलकार

"गाडी कोणी आपटली ते मला शोधून हवंय," बाई म्हणाल्या. "आणि जे निघेल ते ह्यांच्या तोंडावर सांगायचं. नंतर माझ्या कानात येऊन सांगायचं नाही."

तपासनिसाने मान हलवली. अलीकडे त्याच्याकडे येणारी सगळी प्रकरणं घरातलीच असत. बाहेरचा चोर त्याला कित्येक महिन्यांत भेटला नव्हता. शेजारच्या खुर्चीत त्याचा मेहुणा बसला होता. निवृत्तीनंतर घरी करमत नाही म्हणून तो रोज भाऊजींच्या कचेरीत येई, आणि आपणही तपासच करतो असं बहिणीला सांगत असे.

बाईंनी हकीकत सांगितली. गल्लीत त्यांच्या नवऱ्याला सगळे 'गाडीवाले' म्हणत. कारण एकच, त्यांची अमिलकार. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या, केव्हाच बंद पडलेल्या फ्रेंच कंपनीची ती छोटी दोन आसनी गाडी. गाडीवाल्यांनी ती भंगारातून उचलून आणली होती आणि उमेदीची सगळी वर्षं खर्चून उभी केली होती. रेडिएटरवरचा पंखांचा घोडा ते रोज सकाळी स्वतः पुसत. सोमवारी दुपारी ती गाडी फाटकाच्या खांबाला धडकलेली सापडली.

गाडीवाल्यांनी पुतण्याला दोषी ठरवलं होतं. पुतण्या लहानपणापासून याच घरात वाढलेला, गॅरेजवरच्या खोलीत राहणारा. महिनाअखेर खोली रिकामी कर, असं त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं.

"आम्हाला दुसरं कोणी नाही," बाई म्हणाल्या. "तो गेला की आम्ही दोघं आणि ती गाडी."

"तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"स्वयंपाकघरात. भांडी घासत होते."

"तुम्हाला कोणाचा संशय येतो?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला येऊन काय उपयोग? त्या घरात माझं मत कधी विचारलंय कोणी?"

*

गॅरेजपासून फाटकापर्यंत सिमेंटची अरुंद वाट होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला, बरोबर खिडकीखाली, ती काटकोनात वळत होती. गाडीच्या दोन्ही अंगांना जेमतेम वीतभर जागा सुटे. तपासनिसाने गाडीच्या दोन्ही बाजू निरखून पाहिल्या. कुठे ओरखडा नव्हता.

मेहुण्याने फाटकाची एक फळी उघडून मागे लोटली आणि तो खांब पाहायला वाकला. फळी वाऱ्याने परत आली आणि त्याच्या पाठीत बसली.

"हिची कडी सैल आहे, भाऊजी," तो पाठ चोळत म्हणाला.

गाडीचं नाक चेपलं होतं आणि घोड्याचा एक पंख मोडला होता. खांबाच्या अलीकडे चाकं घासटल्याची एकही खूण नव्हती. मात्र मागची चाकं जिथे थांबली होती, नेमक्या तिथेच सिमेंटवर रबराचे दोन काळे डाग उमटले होते. बॉनेटखाली कार्ब्युरेटरकडे पेट्रोल नेणारी नळी सांध्यातून तुटलेली होती.

"नशीब म्हणायचं, पेट्रोल सांडलं नाही," मेहुणा म्हणाला. "जमीन अगदी कोरडी आहे. डागसुद्धा नाही."

तपासनिसाने डॅशबोर्डमागच्या टाकीत लाकडी पट्टी घालून पाहिली. टाकी अर्धी भरलेली होती. मग तो टाकीपासून निघालेल्या नळीवर बोट फिरवत खाली गेला. डॅशबोर्डखाली लाकडाची एक छोटी झडप होती. झडपेमागे पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक होता, आणि तो आडवा, म्हणजे बंद होता.

गाडीवाले काठी टेकत जवळ आले. त्यांचा उजवा गुडघा नीट वाकत नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"हे जुन्या गाड्यांच्या क्लबात बोलू नका. मूळचा कॉक इंजिनाच्या बाजूला होता. तो गळायला लागला म्हणून मी हा बसवला. बाकी गाडीत मूळचं नाही असं काही नाही. हे आमच्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नाही, माझ्या आणि त्या दिवट्याच्या. आणि तो तर हा बंद करायला हटकून विसरतो. दोनदा गॅरेज भिजवलंय त्याने."

सोमवारपासून गाडीला कोणी हात लावला का, असं तपासनिसाने विचारलं. गाडीवाले म्हणाले की त्यांनी स्वतःही लावला नव्हता, आणि मिस्त्री येईपर्यंत कोणाला लावूही देणार नव्हते. दुपारी ते वर झोपले होते. आवाज झाला, गुडघ्यामुळे जिना उतरायला वेळ लागला, येऊन पाहतात तर गाडीत कोणी नाही. किल्ली गॅरेजमधल्या खिळ्याला असे, आणि हे क्लबातही सर्वांना माहीत होतं.

मग न विचारता ते गाडीबद्दल बोलू लागले, आणि तेवढा वेळ त्यांच्या आवाजातला थकवा कमी झाला. "ही चालवायची तर पायांना नवं शिकवावं लागतं. हिचा अ‍ॅक्सिलरेटर मध्ये असतो आणि ब्रेक उजवीकडे. आजच्या माणसाने हिला थांबवायला पाय दाबला तर ही थांबायच्या ऐवजी धावेल."

"आपण शेवटची कधी चालवलीत?"

"गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी. तेव्हापासून दवाखाना, बाजार, सगळीकडे रोज हीच चालवतो." त्यांनी गल्लीत उभ्या असलेल्या छोट्या नव्या गाडीकडे जराशा तिरस्काराने काठी रोखली. "पण पुढच्या महिन्यात क्लबाची फेरी आहे. पहिली गाडी माझी असते. दरवर्षी."

*

पुतण्या छापखान्यात कामाला होता. बोटांवरची शाई पुसत तो बाहेर आला आणि पायरीवर बसला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो घरी गेला होता, हे त्याने आपणहून सांगितलं. आवाज ऐकून तो खोलीतून धावत खाली आला, तेव्हा काका गाडीशेजारी उभे होते आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच त्याच्यावर ओरडू लागले होते.

आदल्या दिवशी दोघांचं वाजलं होतं, हेही त्याने लपवलं नाही. "म्हटलं, काका, तुमचा गुडघा वाकत नाही, फेरीत मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. तर म्हणाले, मी गेल्यावर चालव."

"तू दुसरी कुठली गाडी चालवतोस?"

"मोटरसायकल. काकांनी मला ह्याच गाडीवर शिकवलं. मित्राच्या गाडीत एकदा बसलो तर थांबायचं कुठून तेच पायाला कळेना. तेव्हापासून नाद सोडला."

"आणि पेट्रोलचा कॉक?"

तो पहिल्यांदा हसला. "त्यावरून जेवढं बोलणं खाल्लंय तेवढं जेवण खाल्लं नसेल."

*

क्लबाचे सेक्रेटरी फरशीचे व्यापारी होते. त्यांच्याकडेही अमिलकार होती, पण नंतरच्या काळातली. गाडीवाल्यांच्या गाडीवर त्यांचा डोळा आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. गाडीवाले फेरीत नसले तर पहिला मान सेक्रेटरींचाच होता. क्लबाचा नियमही त्यांनी समजावून सांगितला. ज्या सभासदाच्या हातून अपघात होईल त्याला चालवायची परवानगी नव्याने घ्यावी लागते, आणि या वयात ती कोणी देत नाही.

"आणि गाडी दुसऱ्याने आपटली असेल तर?"

"तर सभासदाचा काय दोष?"

जाताजाता तपासनिसाने विचारलं की त्या गाडीचा पेट्रोलचा कॉक कुठे असतो. सेक्रेटरी खुलले. "इंजिनाच्या बाजूला, बॉनेटखाली. पितळी. मी डोळे मिटून दाखवीन. त्यांच्या गाडीत एक वस्तू बदललेली नाही, साहेब. तेच तर तिचं मोल."

बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "हाच. उद्देश आहे, किल्लीही माहीत आहे."

"आणि कॉक माहीत नाही," तपासनीस म्हणाला. उत्तर सापडल्यावर पूर्वी त्याला भूक लागत असे. हल्ली नुसतं बसावंसं वाटे.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघे समोर बसले. गाडीवाले, बाई, दाराजवळच्या स्टुलावर पुतण्या, आणि मेहुणा.

"सेक्रेटरींना मी मुद्दाम बोलावलं नाही," तपासनीस म्हणाला. "कॉकची गोष्ट निघणार होती."

गाडीवाल्यांनी काठीवरची पकड आवळली.

"नळी तुटली होती, टाकीत पेट्रोल होतं, तरी जमीन कोरडी होती. म्हणजे धडक बसताच कोणीतरी कॉक बंद केला. नंतर गाडीला कोणाचाही हात लागला नाही, हे तुमचंच सांगणं. त्या झडपेची माहिती दोघांनाच आहे. म्हणून सेक्रेटरी गेले, वाटेवरचा कोणी भुरटाही गेला. राहिले तुम्ही आणि हा."

"मग मी काय म्हणत होतो?" गाडीवाले म्हणाले.

"आता पेडल बघू. खांबाच्या अलीकडे ब्रेकची खूण नाही. खांबाला टेकल्यावर मात्र मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि रबर घासलं. म्हणजे चालवणारा थांबण्यासाठी मधलं पेडल दाबत होता. आजच्या गाड्यांत ब्रेक तिथे असतो, म्हणून हे नवख्याचं लक्षण. पण नवख्याला स्वयंपाकघराचं वळण ओरखडा न काढता घेता आलं नसतं. तेव्हा हा माणूस गाडीचा जाणकार होता, शांतपणे वळणापर्यंत आला, आणि समोर फाटकाची सैल फळी वाऱ्याने मिटली तेव्हा दचकला. दचकल्यावर डोकं चालत नाही. पाय रोजच्या सवयीने जातो."

त्याने पुतण्याकडे हात केला.

"याच्या पायाला दुसरी सवयच नाही. तो याच गाडीवर शिकला. दचकला असता तर त्याचा पाय उजवीकडेच गेला असता. ज्याला ही गाडी पाठ आहे, पण ज्याचा पाय रोज दुसऱ्या गाडीच्या ब्रेकवर असतो, असा माणूस या घरात एकच आहे. आणि त्या अवस्थेतही कॉक बंद करायला जो विसरला नाही, तोही तोच."



गाडीवाले स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"फेरीच्या आधी एकदा हात बसवून घ्यावा म्हटलं," ते शेवटी म्हणाले. "मी ब्रेकच दाबत होतो रे. अगदी शेवटपर्यंत."

पुतण्या स्टुलावरून उठला. तो निघून जाईल असं सर्वांना वाटलं. त्याने कोपऱ्यातलं पाण्याचं तांब्याभांडं उचललं, काकांसमोर ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसला.

बाई पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायला आल्या. वळणावर तपासनिसाने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"ह्यांची टोपी दिसली होती मला," त्या म्हणाल्या. "मी बोलले असते तर पोराची बाजू घेते असं झालं असतं, आणि दोघंही माझ्या हातून गेले असते. परक्या माणसाचं बोलणं ऐकून घेतात."

*

फेरी झाल्यावर बाईंनी चहाला बोलावलं. तपासनीस आणि मेहुणा पोचले त्याच वेळी अमिलकार गल्लीत शिरत होती. घोड्याचा पंख नवा बसवलेला होता. पुतण्या चालवत होता आणि गाडीवाले शेजारी बसले होते. गाडी वळण घेऊन अलगद गॅरेजमध्ये गेली. पुतण्या उडी मारून उतरला आणि चहाच्या आशेने थेट घरात गेला.

"भाऊजी," मेहुणा नाक आक्रसत म्हणाला, "पेट्रोलचा वास येतोय."

गॅरेजच्या जमिनीवर ओला डाग पसरत होता. गाडीवाल्यांनी तो पाहिला. घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग काठी बॉनेटला टेकवून, न वाकणारा गुडघा बाहेर ठेवून, ते डॅशबोर्डखाली ओणवे झाले आणि काही न बोलता त्यांनी कॉक आडवा केला.