फौजदाराला स्थळ पाहिजे

परळीहून केजला येणाऱ्या जीपमध्ये माणसं कशी कोंबतात ते सांगायला नको. पण त्या माणसांत एक मासाही असू शकतो, हे मला त्या श्रावणी सोमवारी कळलं.

मी वैजनाथाचं दर्शन घेऊन परत निघाले होते. "चांगलं स्थळ मिळू दे, असं मागून ये," असं आईनं बजावून धाडलं होतं. मी काही मागितलं नाही. म्हटलं, देवा, माझं पार्लर चालू दे, बाकीचं तुझं तू बघ. बाहेर भुरभुर चाललेली, आत ओल्या कपड्यांचा वास, आणि माझ्या शेजारी मांडीवर थर्माकोलचा खोका घेऊन बसलेला एक पोरगा. अंबाजोगाईला आणखी माणसं आत घुसली, तसं त्यानं खोक्यातून पाण्यानं भरलेली एक पिशवी काढली आणि खुशाल माझ्या हातात दिली.

"धरा जरा ताई. दबंल ती."

"ताई कुणाला म्हणता हो?"

तो गडबडला. "मग... काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. धरली ना पिशवी?"

पिशवीत वाटाण्याएवढा एक मासा होता. हिरवट अंग, पाठीवर काळे ठिपके, आणि डोळे — एक माझ्याकडं, दुसरा ड्रायव्हरकडं. चौकशीला आलेल्या फौजदारासारखा बघत होता मेला. मी त्याच्याकडं बघत राहिले, तो पोरगा माझ्याकडं बघत राहिला, आणि केजचा स्टँड आला. मागचे लोक ढकलायला लागले, मी उतरले, जीप बाजाराकडं निघून गेली. पिशवी माझ्या हातातच.

केजात माणूस सापडायला वेळ लागत नाही. हातात मासा घेऊन चाललेली पोरगी कुठं गेली, एवढं विचारत तो संध्याकाळी आमच्या दारात हजर. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच माझं पार्लर. फौजदार तोवर लोणच्याच्या बरणीत बसून गिऱ्हाइकांना न्याहाळत होता.

माझी आई विमलबाई उंबऱ्यातच आडवी आली. माझे वडील, अण्णा, एस.टी.वर ड्रायव्हर, त्यामुळं घरची सगळी फौजदारी तिच्याच हातात.

"कुणाचा रे तू?"

"सांगवीच्या आसारामाचा. अंगद."

"मेंढरंवाल्या आसारामाचा? मग तू मासे कावून विकतो?"

"मेंढरं आबा बघतेत, मावशी. मी मासे बघतो. बाजारात दुकान हाय माझं."

मी बरणी पुढं केली. त्यानं बरणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि कानामागं खाजवत म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडं. रुळलाय तो."

दुसऱ्या दिवशी तो काचेची टाकी, वाळू, हिरवी झुडपं असं सगळं घेऊन आला. किड्यांची एक डबीही होती. माशाचं खाणं, बर्फात गोठवलेलं. आईनं ती डबी स्वतःच्या फ्रीजमध्ये निमूट ठेवू दिली. वर म्हणाली, "सकाळी तुला गर्दी असते, मी घालत जाईन." मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

"एकट्याला करमंल का ह्याला?" मी सहज विचारलं.

अंगद जरा थांबला. मग फेशियलच्या खुर्चीत ऐसपैस बसला.

"जोडीदार बघू की. पण अवघड हाय. हा पफर जातीचा मासा, लई तापट. लांब शेपटी दिसली की कुरतडतो. कुणी संथ दिसला की कुरतडतो. ह्याला चपळ पाहिजे, आखूड शेपटीचा, अन् उगंच तोंडाला न लागणारा."

"अगदी मला पाहिजे तसा," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"का? तुमी बी कुरतडता का?"

"आयब्रोला बसा. दाखवते."

तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते, हे मला त्या दिवशी कळायची काही गरज नव्हती.

मग सुरू झालं फौजदाराचं स्थळ बघणं. आधी गप्पी माशांची जोडी आली, झालरीसारख्या शेपट्यांची. संध्याकाळपर्यंत झालरी गायब. मग चमचमणारे निऑन मासे आले. ते चपळ होते खरे, पण दिवसभर झुडपामागं जीव मुठीत धरून बसायचे. मग पिटुकले लाल झिंगे आले. सकाळी नुसत्या मिशा तरंगत होत्या. शंखातल्या गोगलगायी आल्या, त्या तर फौजदारानं जेवणाचं ताट समजूनच संपवल्या.

"आमच्यात नवा बोकड आणला की चार दिस शेजारी बांधतेत, मग कळपात सोडतेत," अंगद म्हणायचा आणि टाकीत मधे जाळी लावायचा.

"आणि चार दिवसांनी पटलं नाही तर?"

"मग... आणखी चार दिस बांधायचं."

हे टाकीकडं बघत म्हणाला असता तर ठीक होतं. माझ्याकडं बघत म्हणाला. समोर आयब्रोला बसलेली बाई ओरडली, कारण माझ्या हातातला दोरा भलतीकडंच गेला होता.

आणि पाणी! केजात नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, आणि मी माशाचं पाणी बदलते म्हणून आई डोकं आपटून घ्यायची. अंगदला ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधून यायला लागला. एक माशाला, एक आम्हाला. ओल्या शर्टानं कॅन उतरवायचा, कपाळावरचं पाणी मनगटानं पुसायचा... गल्लीतल्या बाया उगाच दारात येऊन भाजी निवडायच्या. मला त्यांचा राग यायचा. का यायचा, ते मी स्वतःला विचारत नव्हते.

अशात आईनं गेवराईचं स्थळ आणलं. अजिनाथ नाव, हायवेला टायरचं मोठं दुकान.

"चार पोरं तू नाकारली," आई म्हणाली. "आता ह्याला न्हाई म्हणलीस तर पार्लरला कुलूप. अण्णाला बी सांगितलंय मी."

पार्लर म्हणजे माझा जीव. मी अंगदला बातमी सांगितली. वाटलं, काहीतरी बोलेल. तो टाकीची काच पुसत राहिला, पुसलेलीच पुन्हा पुसली, आणि म्हणाला, "बरं... मी आणखी एक जोडीदार बघून ठिवलाय. फौजदाराला." असा राग आला मला! कॅनसकट त्याला हाकलून द्यावं वाटलं.

पाहुणे आले. अजिनाथ, आणि त्याची आत्या. पोहे झाले, नाव-शिक्षण झालं. अजिनाथ माणूस वाईट नव्हता. टाकीकडं बघून म्हणाला, "आमच्याकडं शोकेसमधी चार फुटी टाकी हाय. मोठे मोठे मासे हायत. ह्याला बी आणा संगं. करंल ऍडजस्ट."

आत्या म्हणाली, "पार्लर-बिर्लर आमच्याकडं न्हाई बाई चालत. करंल ती बी ऍडजस्ट."

"न्हाई होत ऍडजस्ट."

दारात अंगद. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीला आतून चाटत फिरणारा एक तपकिरी मासा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"हे कोण?" आत्या.

"मासेवाला," आई दातओठ खात म्हणाली.

अंगद टाकीजवळ गेला आणि एकदम खाली वाकला. "ह्याचं पोट आत गेलंय! मावशी, डबीतले किडे घालता ना?"

"श्रावणात?" आई उसळली. "श्रावणात किडे घालतेत व्हय कुणाला? ती डबी मी कवाच फेकली. उपासाची भगर घालते मी त्याला!"

मी आईकडं बघतेय, अंगद माशाकडं बघतोय. श्रावण पाळणारा मासा. अजिनाथच फसकन हसला आधी.

अंगद मात्र हसला नाही. "उपाशी जीव चावणारच की," तो म्हणाला आणि अजिनाथकडं वळला. "अन् तुमच्या टाकीत हा जगायचा न्हाई. ह्याला ह्याची जागा लागती. ह्याचं काम लागतं. गिऱ्हाइकं लागतेत..."

"माशाला गिऱ्हाइकं?" आत्यानं विचारलं.

त्याचे कान लाल झाले. माझी सहनशक्ती संपली.

"अंगद, मी मासा न्हाई! माझ्याबद्दल बोलायचं असंल तर माझ्याकडं बघून बोला."

कॅन खाली ठेवला त्यानं. बघितलं माझ्याकडं.

"तुमी मला आवडता, सुकन्या. लई आवडता. पफर एकटा बी मजेत राहतो... मला पहिल्या दिवसापासून माहीत हुतं. दारात यायला कारण पाहिजे म्हणून जोडीदार आणत हुतो."

"म्हणजे ते झिंगे फुकट मेले?"

"...व्हय."

मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. अजिनाथ उठला. शहाणा माणूस. "आमी कळवतो," म्हणाला आणि आत्याला घेऊन निघाला. आमच्याकडं कळवतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आई कपाळाला हात लावून बसली. तिची नजर कॅनवर पडली. मग म्हणाली, "हे पाणी कुठनं आणतो रे तू?"

"आमच्या बोअरचं हाय, मावशी."

"उन्हाळ्यात?"

"बारमाही."

आईचा आवाज एकदम खाली आला. "बस," म्हणाली. "उभा कावून हायस?"

तो पाहुण्यांच्या खुर्चीत बसला. मी आतून पोह्यांची बशी आणली, त्याच्या हातात दिली आणि समोर पाय हलवत बसले.

"शिक्षण?" मी विचारलं.

"बी.ए. झालंय."

"स्वयंपाक येतो?"

"मटण येतं. श्रावण सरल्यावर."

"लग्नानंतर पार्लरचं काय?"

"ते तुमचं हाय. मी कोण सांगणारा?"

"आणि मी रागावले तर?"

"बाहेर बसंन. मेंढरांत. राग गेला की हाक मारा."

मी बशी काढून घेतली आणि उठले. "ठीक आहे. कळवते."

त्याचा चेहरा असा उतरला की काय सांगू! आईला नमस्कार केला, चपला घातल्या, खाली मान घालून मोटरसायकलपाशी गेला. दारात भाजी निवडणाऱ्या साऱ्या बाया टक लावून बघत होत्या. एक किक मारली, गाडी सुरू झाली नाही. दुसरी मारली. मी उंबऱ्यात आले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"अहो सांगवीकर! कळवतेय... पसंत हाय!"