टाकीतल्या आजोबांचं दुखणं

"उद्या दुपारी तो माशांचा दुकानदार येईल आणि सगळे मासे घेऊन जाईल," मावशीने ताटाकडे बघतच सांगितलं, आणि मुलांचा सायकलवरून टेकडीवर जायचा बेत तिथेच बारगळला.

शेपटीने हातातला घास ताटात ठेवला. शेपटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. दादा जाईल तिथे ही मागोमाग, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती. मावशी दातांची डॉक्टर. वर घर, खाली दवाखाना, आणि दवाखान्यात भिंतीत बसवलेली खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी. बाहेर बाकावर बसलेल्यांना दिसे, तशी आतल्या खुर्चीवरूनही दिसे. त्या टाकीत आजोबा राहत.

आजोबा म्हणजे एक पिवळाधमक मासा, दवाखाना सुरू झाला तेव्हापासूनचा. शेपटीचा पहिला दात काढायचा होता तेव्हा ती ओरडून दवाखाना डोक्यावर घेणार, एवढ्यात आजोबा काचेपाशी आले आणि तोंडाची उघडझाप करायला लागले. तिनेही तसंच तोंड उघडलं, आणि दात कधी निघाला ते तिला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून आजोबा तिचे लाडके.

तेच आजोबा आता कोपऱ्यात धापा टाकत पडून होते. खाणंपिणं बंद. म्हातारा झालाय, माझ्या डोळ्यांदेखत गेला तर मला सोसायचं नाही, असं म्हणून मावशी हात धुवायला उठली.

जेवण होताच तिघं खाली पळाली. तिसरा प्रोफेसर, मावशीचा मुलगा. चष्मा लावायचा आणि न विचारता समजावून सांगायचा. त्याने टाकीभोवती फिरून निकाल दिला की पंप चालू आहे, दिवा चालू आहे, पाणीसुद्धा आईने आखलेल्या लाल रेषेवर आहे.

"पण मावशी तर म्हणत होती, कामाच्या गडबडीत कित्येक दिवसांत पाणी घालायला झालं नाही," शेपटी म्हणाली. "मग ते कमी कसं झालं नाही? इथे पंख्याखाली माझा रुमाल अर्ध्या तासात वाळतो."

प्रोफेसर पुन्हा लाल रेषेपाशी वाकला.

कोणीतरी गुपचूप पाणी घालत होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा बाकावर तीन नवे पेशंट बसले होते. हनुवटीपासून डोक्यापर्यंत मफलर गुंडाळलेले, गालात कापसाचे बोळे. नंबर पुकारणाऱ्या नंबरकाकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकीचे पेशंट आत जाताच काका उठले, मागच्या खोलीतल्या निळ्या पिंपातून जग भरून आणला आणि टाकीत रेषेपर्यंत ओतला. "प्या आजोबा, बरे व्हा," असं ते हळूच म्हणाले.

"सापडला!" म्हणत दादा उठला, तेव्हा कापसाचा बोळा काकांच्या पायाशी पडला.

काका जरासे दचकले, पण डगमगले नाहीत. डॉक्टरीणबाईंना वेळ होत नाही म्हणून आपण घालतो, आणि पिंपात बाईंनीच पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेलं पाणी असतं, असं त्यांनी सांगितलं. समुद्रातल्या माशांना साधं पाणी घालून कसं चालेल? प्रोफेसरने मान डोलावली. काकांचं काहीच चुकलं नव्हतं, असंच सगळ्यांना वाटलं.

म्हणजे मासे जाणार. शेपटी टाकीमागे जाऊन पोटभर रडली. पंख्याच्या वाऱ्याने गाल वाळले, ताणले, चरचरायला लागले. तिने ओठांच्या कडेला जीभ लावली. खारट. समोर टाकीच्या झाकणाच्या कडेला पांढरी खपली धरली होती. तिने बोटाने ती खरवडून चाटली. तीही खारट.

"दादा, पाणी उडून जातं, पण मीठ नाही उडत!" ती धावत बाहेर आली. "काका रोज खारंच पाणी भरतात आणि रोज मीठ वाढतं!"

प्रोफेसरने चष्मा पुसला आणि कपाटातून खारेपणा मोजायची काचेची नळी काढून पाण्यात सोडली. ती खुणेच्या कितीतरी वर तरंगायला लागली. दादा साध्या पाण्याची बादली घेऊन धावलाच होता, पण प्रोफेसरने त्याचा शर्ट धरला. सगळं एकदम बदललं तर मासा त्या धक्क्यानेच जाईल, हे त्याचं समजावणं तेवढं खरंच उपयोगी पडलं.

मावशीने नळी पाहिली आणि खुर्चीत बसूनच राहिली. पाणी रेषेवर दिसलं की मी निश्चिंत, कोण घालतंय हे कधी विचारलंच नाही, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मग ती उठली. अवजारं उकळायच्या यंत्रासाठी आणलेलं शुद्ध पाणी तिने काढलं, आणि मुलांनी टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच हे घालायचं, असं रोज थोडं थोडं सुरू केलं. त्याच दिवशी दुपारी दुकानदार बादल्या घेऊन आला तेव्हा मावशीने त्याला आल्यासरशी दात तपासून घ्यायला लावले आणि रिकाम्या बादल्यांनिशी परत पाठवलं.

सुट्टी संपत आली तेव्हा एका सकाळी आजोबा कोपऱ्यातून निघाले, सरळ वर आले आणि शेपटीच्या बोटांतला घास त्यांनी ओढून घेतला.

"मी तोंडातली कीड शोधत बसले आणि या पोरीने डोळ्यांसमोरचं दुखणं शोधलं," म्हणत मावशीने तिला जवळ घेतलं. दादाने तर आता आपणच तिच्या मागोमाग फिरणार असं जाहीर केलं.

नंबरकाका मात्र टाकीवर वाकले होते. माझ्या मायेनेच मारलं असतं हो तुम्हाला, एवढंच ते म्हणत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

शेपटीने त्यांचा हात धरून त्यांना हळूच मागे ओढलं.

"काका, इकडे बसून रडा," ती म्हणाली. "नाहीतर परत मीठ वाढेल."